सिद्रामप्पांचे अभिप्राय

मुरूमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो तेव्हा गावात कादंबऱ्या वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्या समजणारी त्याहून कमी. मी स्वतःला दुसऱ्या यादीत धरत असे. तरुण होतो.

साल अठ्ठावन्न. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती आणि दीड वर्षापूर्वी आम्ही हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आलो होतो. आलो म्हणजे जागचे हललो नव्हतो. कागद हलले होते. कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली. या उलाढालीत काही कारकून मधल्या मध्ये लोंबकळत राहिले. त्यांतले एक आमचे सिद्रामप्पा. घरी कानडी, बाजारात मराठी आणि शाळेपासून कचेरीपर्यंत सगळी उर्दू, अशी त्यांची वाटणी होती. उर्दू अक्षर बघत राहावं असं. मराठी लिहायला बसले की मात्र विहिरीतून दगड काढावेत तसं एकेक अक्षर वर यायचं.

तालुक्याच्या कचेरीत नवे साहेब आले ते पुण्याकडचे, साहित्याचे शौकीन. त्यांनी हुकूम काढला की जुन्या राजवटीतल्या कारकुनांनी दर महिन्याला एक मराठी कादंबरी वाचून तिच्यावर पानभर अभिप्राय लिहून द्यायचा. वर्षभरात ज्याचे अभिप्राय बरे, तो कायम. बाकीच्यांचं पुढं बघू. 'पुढं बघू'चा अर्थ सिद्रामप्पांच्या शेजारी बसणाऱ्या दोघांना लवकरच कळला. ते आपापल्या गावी गेले, आणि त्यांची टेबलंही उचलली.

सिद्रामप्पा आठवडाभर तालुक्याला राहत आणि शनिवारच्या मोटारीनं घरी येत. एका रविवारी सकाळी वाचनालयात येऊन उभे राहिले. कधी न आलेला माणूस. टोपी काढून हातात धरली होती, दवाखान्यात आल्यासारखी.

"मास्तर, कादंबरी पाहिजे. पतली बघून द्या."

पातळ कादंबऱ्या होत्या. पण मला कुठून तरी हुक्की आली आणि मी त्यांच्या हातावर 'काजळकोटचा जादूगार' या कादंबरीचे तिन्ही खंड ठेवले. सातशे चाळीस पानं. त्यांनी ती हातावर तोलून बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं सभासदत्वाच्या कागदावर सही केली. उर्दूत.

पंधरवड्यानं आले. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून, जीभ दातांत धरून एका कागदावरून दुसऱ्या कागदावर काहीतरी उतरवून घेत होते. तासाभरानं घाम पुसून उठले. उतरवलेला कागद खिशात गेला; मूळचा पुस्तकातच राहिला. मी तो वाचला. कुणाच्याही पुस्तकातले कागद मी वाचत असे, त्याशिवाय त्या पगारात करमणूक नव्हती.

"जादूगाराने राजकन्येस बारा वर्षे शिळा करून ठेविले," असं त्यात लिहिलं होतं. "बारा वर्षांनी ती पुन्हा माणसात आली, आणि तिचा पहिला प्रश्न असा, की महाराजांचे जेवण झाले का. कादंबरीत उडता घोडा आहे, बोलणारा वाडा आहे, समुद्र पिणारा राक्षस आहे. ते सर्व लेखकाने मनाने रचलेले असावे. हा प्रश्न मात्र त्याने कोठेतरी ऐकला आहे."

अक्षर गोल, ठसठशीत, मुलींच्या शाळेतलं. सिद्रामप्पांची बायको महादेवी सोलापूरची, मराठी सातवी पास. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण तिच्या सासूबाई, शांताक्का, ही गोष्ट पोरीच्या अंगावरचं कोड सांगावं तशी हलक्या आवाजात सांगत.

साहेब खूश झाले. सिद्रामप्पांना खोलीत बोलावून खुर्ची दिली. आता जादूचं पुरे, म्हणाले, आता वाङ्मयीन काही वाचा; आणि स्वतःच्या कपाटातली 'मावळतीची खोली' ही कादंबरी काढून दिली. ती पातळ होती. सिद्रामप्पांना वाटलं, दिवस पालटले.

पुढच्या खेपेलाही ते वाचनालयातच उतरवायला बसले, आणि मूळ कागद माझ्याकडंच राहिला.

"नायक दोनशे दहा पाने खिडकीत बसून जीवनाचा अर्थ शोधतो. मधून मधून चहा येतो. चहा कोण आणते, हे लिहिलेले नाही. चुकून पान सुटले असेल म्हणून मी पुन्हा पाहिले. शेवटी नायकास अर्थ सापडत नाही. त्याने चहा आणणाऱ्या माणसास विचारावयास हवे होते. घरात चालताफिरता तेवढाच एक जीव दिसतो. भाषा सुंदर आहे. खिडकीचे वर्णन तर असे आहे, की ती कोणी पुसली असेल याचाही विचार मनात येऊ नये."

कचेरीत हा अभिप्राय साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवला. पुण्याच्या मासिकातसुद्धा असं कुणी लिहीत नाही, म्हणाले. सिद्रामप्पा मान खाली घालून उभे होते. लोकांना तो विनय वाटला.

साहेबांना महिन्याला एक पुरत होती. घरी मात्र दर रविवारी एक जाऊ लागली, आणि प्रत्येकीबरोबर एक कागद परत येऊ लागला. सिद्रामप्पा विसरत म्हणून नव्हे. ते आता कागद माझ्या टेबलावर बिनदिक्कत टाकून जात. त्यांचं काम झालेलं असे. कागदाच्या मागच्या बाजूला माझ्यासाठी एखादी ओळ असायची: 'दुसरा भाग आधी आला, पहिला पाठवावा.' 'यातली सोळा पाने कोणी फाडली आहेत. काय झाले ते आपणास ठाऊक असल्यास कळवावे.' मी उत्तरं पुस्तकात घालून पाठवत असे. एकदा तर त्या सोळा पानांची गोष्ट मीच रचून पाठवली. तिचं उत्तर आलं: 'मूळ लेखकाने याहून बरे लिहिले असावे अशी आशा आहे.'

पुढं मी आयुष्यभर विनोदी लिहून पोट भरलं. त्या बाईइतकं तोंड न हलवता बोलणं मला जमलं नाही. एका कादंबरीत एक अंजन होतं. डोळ्यांत घातलं की माणूस कुणाला दिसत नाही. नायक त्यासाठी सात डोंगर ओलांडतो. तिनं लिहिलं, "नायकाच्या जागी नायिका असती, तर कादंबरी चार पानांत आटोपली असती. लग्न होऊन सासरी गेली की झाले." साहेबांनी हे वाचून विचारलं, सिद्रामप्पा, तुम्ही बायकांच्या मनात शिरता तरी कसे? सिद्रामप्पांनी घरी येऊन बायकोला विचारलं, या वाक्यात हसण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, काही नाही.

अकरावा महिना संपत आला तेव्हा एका पुस्तकातून साधा कागद न येता रीतसर अर्ज आला. 'मी, महादेवी सिद्रामप्पा, वय एकोणतीस, आपल्या वाचनालयाची सभासद होऊ इच्छिते.' मागच्या बाजूला ओळ होती: 'यांचे वर्ष पुढील महिन्यात पुरे होते. नंतर पुस्तके लागणार नाहीत असे म्हणतात.'

म्हणजे सिद्रामप्पा कायम झाले की कादंबरीची गरज संपली. औषधाची बाटली संपावी तशी. आणि त्यांच्या कार्डावरच घरात पुस्तक जात होतं.

नियमात 'कोणीही प्रौढ व्यक्ती' असं होतं. बाई ही व्यक्ती आहे की नाही हे ठरवायची वेळ त्या वाचनालयावर आधी आली नव्हती. मी मनाशी म्हटलं, आपण एकट्यानं कशाला ठरवा. आणि अर्ज समितीपुढं ठेवला. ही माझी हुशारी. नाव वहीत लिहून टाकलं असतं, तर वर्षभर कुणी वही उघडलीही नसती.

समितीचे अध्यक्ष शांतलिंग, आडतीचं दुकान चालवणारे. त्यांनी अर्ज लांब धरून वाचला.

"बाईमाणसाला कादंबरी समजती कशावरून? पुरावा काय?"

पुरावा माझ्या खणात होता. चाळीस-एक कागद, सुतळीनं बांधलेले. ते टेबलावर ठेवले असते तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण गावातली बातमी तालुक्याला मोटारीच्या आधी पोचते, आणि सिद्रामप्पांचं टेबलही उचललं गेलं असतं. चार माणसांच्या चुलीचा प्रश्न होता. मी गप्प बसलो ते त्यांच्यासाठी, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगितलं. खरं असं की आडतवाल्यांच्या पुढ्यात उभं राहून एका बाईची चाळीस पत्रं माझ्या खणात कशी, हे मला सांगायचं नव्हतं.

शांतलिंगांनी तोड काढली. वार्षिक सभेला अध्यक्ष म्हणून साहेब येणार होते, आणि सिद्रामप्पांचं 'आजची कादंबरी' या विषयावर भाषण ठरलंच होतं. जिल्ह्यात त्यांच्याइतका कादंबरीचा जाणकार दुसरा नाही. शिवाय अर्ज त्यांच्याच घरातला. तेव्हा बायकांना सभासद करावं की नाही, यावर त्यांनीच मत सांगावं आणि सभेनं हात वर करावेत.

सभा रविवारी दुपारी, मारुतीच्या देवळासमोरच्या मांडवात झाली. साहेब मधल्या खुर्चीत. येताना मोटारीत त्यांनी आपलं मत सिद्रामप्पांना सांगून ठेवलं होतं, असं मागून कळलं: वाङ्मय हे जबाबदार लोकांचं काम आहे, घरोघर पोचवण्याची वस्तू नव्हे. सिद्रामप्पांना कायम करायचं की नाही, याचा गुप्त अहवाल अजून साहेबांच्याच टेबलावर होता. पण मोटारीत कळायच्या आधीच, मागच्या आठवड्यात, सिद्रामप्पांनी साहेबांचा कल ओळखला होता आणि त्या शनिवारी घरी येऊन बायकोपुढं कोरा कागद ठेवला होता.

ते उभे राहिले. कागद उघडला. वर्षभराच्या सरावानं आता वाचू बरं लागले होते.

"स्त्रियांस कादंबऱ्या देऊ नयेत," त्यांनी सुरुवात केली. "कारण सांगतो. कादंबरी वाचणाऱ्यास एक सवय लागते. पुढे काय होईल, असे तो पान उलटताना विचारतो. आमच्या घरांतून पुढे काय होईल हे सर्वांस ठाऊक असते. मग तो प्रश्न विचारण्याची सवय कोणास का लावावी?"

साहेबांनी मान डोलावली. मी खुर्चीत नीट बसलो. हे वाक्य कुणाच्या हातचं, हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांतला एक ते वाचत होता.

"अद्भुत कादंबरीत मंत्र म्हटला की दार उघडते. वाचणारी बाई तो मंत्र म्हणून पाहील. आपल्या दारांस कडी बाहेरून असते. मंत्राने तिला काही होत नाही. उगाच तिचा आवाज बसेल. वाङ्मयीन कादंबरीत माणसे दुःख करीत बसतात, आणि त्या दुःखास लेखक फार मोठे म्हणतो. बाईने ते वाचले, तर ती आपले दुःख शेजारी ठेवून मापून पाहील. मापात फरक निघाला, तर लेखकाची अब्रू जाईल. तेव्हा स्त्रिया व लेखक या दोघांच्या हितासाठी माझे मत असे, की हा अर्ज नामंजूर करावा."

टाळ्या पडल्या. शांतलिंगांनी डोळे पुसले. आपल्या मनातलं कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं, म्हणाले. मग त्यांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. साहेब माझ्याकडं बघत होते. माझाही गेला.

महिन्याभरात सिद्रामप्पा कायम झाले आणि जिल्ह्यातल्याच वाशीला बढतीवर बदली झाली. कार्ड परत करायला आले ते पेढे घेऊन. म्हणाले, "सुटलो मास्तर. वरीसभर डोक्याला नुसता ताप."

सामान हलवायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पिशवीत तीन कादंबऱ्या होत्या, वाचनालयाच्या. वहीतून त्यांची नावं मी खोडली होती. सिद्रामप्पा गाडी ठरवायला गेले होते. शांताक्का दारात बसून होत्या. महादेवी आत सूप घेऊन ज्वारी निवडत होती. वर्षभर पत्रं लिहिली त्या बाईचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. साधं होतं. मी पिशवी उंबऱ्याशी ठेवली.

तिनं ती उघडून बघितली नाही. म्हणाली, "सभेत तुम्ही पण हात वर केला म्हणं."

मी म्हटलं, "सगळ्यांनीच केला, वहिनी."

"व्हय." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "आजपर्यंत मी लिहिलेल्यातलं सगळ्यांना पटलं, असं तेवढंच."

मला हसू आलं, सवयीनं. ती हसली नाही. मग मी विचारलं, ते तसं का लिहिलंत. थोडं कच्चं लिहिलं असतं, तर कदाचित कुणी आडवं बोललं असतं.

"कच्चं लिहिलं असतं तर ह्यांची नोकरी जात होती," ती म्हणाली. "आणि तसं लिहायला येत न्हाय मला. मला वाटलं होतं, एक माणूस तरी वळखंल ते काय लिहिलंय."

"मी ओळखलं होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर तुमचं विचारलं. बाकीच्यांच्या हाताचं मला काय करायचंय?"

शांताक्कांनी दारातून विचारलं, मास्तर काय म्हणत्यात. महादेवी म्हणाली, काही नाही, पुस्तकं राहिली होती का ते बघायला आलेत. मग पिशवी उचलून माझ्या हातात दिली, आणि सूप घेऊन आतल्या खोलीत गेली.