दोन इंच खाली

मनुष्याची सगळी धडपड वर जाण्यासाठी असते, हे कुणीही मान्य करील. अविनाशची धडपड दोन इंच खाली जाण्यासाठी होती, आणि तीही फक्त मागच्या बाजूने.

अविनाश नांदुऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क होता. वय एक्केचाळीस. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे कुणी वळून पाहिल्याचा पुरावा नव्हता. लग्नाच्या फोटोतसुद्धा लोक आधी नवरीकडे बघत, मग मागच्या कूलरकडे. अशात त्याला मोबाइलवर ‘लो गाडी ग्रुप’ सापडला. त्यातल्या गाड्या जमिनीला पोट टेकल्यासारख्या बसलेल्या असत, आणि त्यांच्याकडे लोक वळून बघत.

ग्रुपचे नियम दोनच. एक, गाडी किमान दोन इंच खाली आलेली हवी. आधीचा आणि नंतरचा फोटो टेप लावून पाठवायचा. दोन, गाडी ही शौकाची चीज आहे; ज्याला माल वाहायचा असेल त्याने टेम्पो घ्यावा. ॲडमिन मलकापूरचा धम्मरत्न. तो दोन्ही नियमांबाबत कडक होता. रविवारी खामगाव रस्त्यावरच्या ढाब्यावर सगळ्या गाड्या जमणार होत्या. ज्याचा फोटो पास, त्यालाच आमंत्रण.

शुक्रवारी अविनाशने आधीचा फोटो पाठवला. जमिनीपासून मागच्या मडगार्डपर्यंत चोवीस इंच.

शनिवारी सुट्टी होती. स्प्रिंगा ऑनलाइन मागवलेल्या, त्यातल्या त्यात स्वस्त. लाल रंगाच्या, आणि तो रंग बोटांना लागत होता. पुढच्या चाकांची स्प्रिंग दाबायला वेगळं यंत्र लागतं, नाहीतर ती सुटून जबडा नेते, असं व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. क्लार्कला जबड्याचं काम फारसं पडत नाही, तरी अविनाशने पुढचा भाग सोडून दिला.

जॅक लावण्याआधी त्याने डिक्कीतले गव्हाचे तीन कट्टे ओसरीवर काढून ठेवले. वडनेर भोलजीच्या शेतातला हा गहू वडिलांनी, महादेवरावांनी, वर्षाचा म्हणून दिलेला. घरची कोठी भरली, उरलेले तीन कट्टे दोन महिन्यांपासून डिक्कीतच मुक्कामाला होते.

शॉकअपचा गंजलेला बोल्ट निघायला दीड तास लागला. दुसऱ्या बाजूचा त्याहून स्वाभिमानी निघाला. चार वाजता गाडी जॅकवरून उतरली. अविनाशने टेप लावला.

चोवीस इंच.

त्याने टेप पुसून पुन्हा लावला.

बायको संजीवनी चहा घेऊन आली. “झालं का जी?”

“झालं.”

“काय झालं पण? मले तं जशीच्या तशी दिसून राह्यली.”

तेवढ्यात बसने आलेले महादेवराव भाजीची पिशवी घेऊन फाटकात उभे राहिले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. ओसरीकडे पाहिलं.

“काऊन रे, गहू बाहेर काऊन काढला? उंदरं फोडतीन.”

“गाडीचं काम होतं, बाबा.”

“मंग टाक परत. भरतानी म्या पाह्यलं होतं, तीन कट्ट्यांनं मस्त दबली होती. दोन इंच तं असनच.”

अविनाश पान्यावरच बसला. शुक्रवारच्या फोटोत गाडीबरोबर गहूही होता. ग्रुपला खरं सांगावं, तर नियम दुसरा. जुन्या स्प्रिंगा परत बसवून आधीचा फोटो नव्याने काढावा, तर...

“त्या जुन्या स्प्रिंगा कुठी गेल्या?”

“भंगारवाल्याले देल्या,” संजीवनी म्हणाली. “बादली देल्ली त्यानं. चांगली हाय.”

अविनाश उठला. तिन्ही कट्टे पुन्हा डिक्कीत गेले. टेप बावीसवर आला. महादेवराव म्हणाले, “आत्ताच काढतू, आत्ताच भरतू. शिकून काय केलं बे तुनं?” फोटो गेला. धम्मरत्नाचा अंगठा आला.

रविवारी गाडी प्रत्येक गतिरोधकावर पोट घासत ढाब्यावर पोचली. अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या. सिलिंडर घेऊन चाललेल्या एका माणसाने मोटारसायकल थांबवली, वळून अविनाशच्या गाडीकडे पाहिलं आणि चांगलं अर्धा मिनिट पाहत राहिला. अविनाशने शर्ट खोचला.

मग धम्मरत्न आला. पंचविशीतला, गॉगलवाला. प्रत्येक गाडी हाताने दाबून बघत होता. अविनाशच्या गाडीचा मागचा भाग त्याने दाबला. गाडी हलली नाही. त्याने पुन्हा दाबलं.

“दादा, डिक्की उघडा बरं.”

“कायले?”

“उघडा तं.”

अविनाशने उघडली. धम्मरत्नाने एका कट्ट्याच्या शिवणीत बोट घातलं, चार दाणे काढले, एक चावून पाहिला.

“लोकवन?”

“हाव.”

धम्मरत्नाने इकडेतिकडे पाहून डिक्की हळूच लावली.

“माह्याकडे सोयाबीन हाय. चार कट्टे.”

अविनाशने विचारलं, “अन् स्प्रिंगा? तुमी कोन्त्या टाकल्या, भाऊ?”

“कंपनीच्याच हायेत,” धम्मरत्न म्हणाला.