हॉलवरची खोली

डबल हाइट हॉल हा हौसेचा प्रकार आहे, गरजेचा नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत. वाकडच्या ज्या इंटिरियरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर घरं काढते, तिथे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना तो हवाच असतो. हॉलच्या वरची खोली बांधायचीच नाही, छत थेट वरच्या मजल्याच्या डोक्यावर न्यायचं आणि मधे झुंबर सोडायचं. राहायला खोली कमी पडली तरी चालेल, पण आलेल्या पाहुण्याची मान वर गेली पाहिजे. मी तोंडावर "सुंदर दिसेल सर" म्हणते आणि मनात शिव्या घालते.

आमच्याच बंगल्यात तो येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. चाकणच्या पुढे सासऱ्यांचं गाव, आम्ही सगळे एकत्र गावातच राहतो. जुनं घर पाडून तिथेच बांधायचं ठरलं, तेव्हा माझा नवरा गणराज म्हणाला, "घरात डिझायनर असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं?" मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसायचो. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आई-आबांची, म्हणजे सासू-सासऱ्यांची खोली. वर एका बाजूला थोरले दीर रणजीतदादा आणि जाऊबाई, दुसऱ्या बाजूला, हॉलच्या बरोबर वर, आम्ही. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा यावरून आमचं खरंखुरं भांडण झालं होतं. रात्रपाळी करून आलो की सकाळचं ऊन तोंडावर नको, असं त्याचं म्हणणं. शेवटी पलंग त्याच्या मनासारखा ठेवला आणि पुढे बरेच दिवस त्याला टोमणे मारले.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर, कंपनीतून परत येताना, तळेगाव रस्त्यावर एका कंटेनरने त्याची मोटरसायकल उडवली. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि आबांनी बांधकामाचा विषय पुन्हा काढला. जेवता जेवता म्हणाले, "स्वरूपा, हॉल जरा उंच घ्यावा म्हनतोय. वरपातुर मोकळा. रणजीतनं कुठंतरी बघितलाय."

"कुठली खोली काढायची आबा?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. हॉलवर एकच खोली होती.

"तूच बघ की. तुला कळतंय त्यातलं," ते ताटातून मान वर न करता म्हणाले. तांब्या भरलेला असताना आई पाणी आणायला उठून गेल्या.

मला असा संताप आला की म्हटलं, हवी ना डबल हाइट, घ्या! दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फाइल उघडली. हे काम मी नव्या मुलींना बोलता बोलता शिकवते. वरच्या खोलीवर क्लिक करून तिची जमीन काढायची. मग खालच्या हॉलचं छत काढायचं. पॅसेजच्या बाजूची भिंत घालवून तिथे रेलिंग लावायचं. सगळ्यात शेवटी वरचं सामान काढायचं, कारण जमीन गेली म्हणून सॉफ्टवेअर सामान खाली पाडत नाही, ते ठेवलं त्याच उंचीवर राहतं. मी जमीन काढली, छत काढलं, रेलिंग लावलं. कपाट काढलं, आरसा काढला. पलंगावर क्लिक केलं आणि डिलीट दाबवेना. तशीच सेव्ह करून फाइल बंद केली.

रविवारी रणजीतदादांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. सगळे समोर बसले. मी पडद्यावरचा कॅमेरा दारातून आत नेला, सोफ्याजवळ आणला आणि वर वळवला.

"आयला, लय भारी!" दादा म्हणाले आणि पुढे वाकून बघायला लागले. सोफ्याच्या वर, हवेत, आमचा पलंग होता. अंगावर निळी चादर, दोन उशा, आणि चारी पाय अधांतरी.

कुणी हसलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. आईंनी तोंडाला पदर लावला.

"ते काढ पोरी," आबा हळूच म्हणाले. "राहिलंय तुजं ते."

"राहिलं नाही आबा, ठेवलंय." माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "आधी मला सांगा, मी कुठे झोपायचं? खाली तुम्ही, वर दादा. माझी खोली कुठे आहे यात? जिन्याखाली राहू का मी?"

"स्वरूपा, अगं..." दादा बोलायला लागले. आबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"तू तरणी हायस. आमी तुला जल्मभर हितं कोंडून ठिवायचं व्हय? कासारवाडीला तुज्या आईसंगं बोललोय मी. त्यास्नी बी हेच वाटतंय. तुजा भाऊ येईल न्यायला. उद्या तुजं दुसरं घर झालं, तर पयल्या अक्षता आमी टाकू."

म्हणजे सगळं माझ्या पाठीमागे ठरलं होतं. माझ्या सख्ख्या आईनेही मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"मला नाही जायचं," मी म्हणाले. "मी कमावते, कुणावर भार नाही माझा. कुठलीही खोली द्या. अडगळीची द्या. पण मला याच घरात राहायचंय." मी सरळसरळ भीक मागत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

आबा आईंकडे बघायला लागले. मीही बघितलं. लग्न होऊन आल्यापासून या बाईने मला कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. वाटलं, आता या म्हणतील, राहू द्या तिला. त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"त्यांच्यावर राग धरू नगंस. मीच म्हनलं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "सांजच्याला तू कामावरनं येतीस. गनू तुला फाट्यावरनं घिऊन यायचा न्हाई का? तू आदी आत यायचीस, आन गाडी लावून तुज्या मागनं तो. अजून बी दार वाजलं की मी तुज्या मागं बघती. रोज बघती. तू एकलीच आत येतीस. रोज मरतंय गं माजं पोर. मला न्हाई सोसत."

आबांशी मी भांडले असते, दादांशीही भांडले असते. आईंशी कशी भांडणार? मला या घरात राहायचं होतं ते नेमकं याचसाठी. कासारवाडीला मी दारातून आत गेले की घरचे फक्त मला बघणार होते. माझ्या मागे गणराजला शोधणारं माणूस जगात एवढं एकच होतं, आणि तिलाच ते सोसत नव्हतं.