तैलनाथ महाराजांचं सिद्ध तेल

शाहूपुरीतल्या एका बंद वखारीपुढं रविवारी सकाळी गाड्यांची ही रांग लागायची. फियाट, मारुती, जीपा, कुणाकुणाच्या ट्रॅक्स. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला झेंडूचा हार, आणि मधोमध खुर्चीवर भगवी शाल टाकून बसलेले तैलनाथ महाराज. नव्वद सालानंतर घरोघरी गाड्या आल्या, गिऱ्हाईक वाढलं, म्हणून हेही दुकान निघालं.

"पावणं, गाडीला बी आत्मा हाय!" महाराज गरजायचे. "पेट्रोल तिचं अन्न, तेल तिचं रगत! आत साठलंय त्ये तेल न्हवं, मालकाचं पाप हाय. बघा कसं काळंकुट्ट!"

मग गाडी ताडपत्रीच्या पडद्याआड जायची. चेले तिचं 'पाप' काढून घ्यायचे, कापराचा वास येणारं सोनेरी सिद्ध तेल ओतायचे आणि वायुदेवाचं नाव घेत चाकांत हवा भरायचे. निघताना महाराजांची तंबी असायची, "चाळीसच्या वर पळवायची न्हाय. उगंच ब्रेक हाणायचा न्हाय. तेल कोपतंय!"

पुढच्या रविवारी तीच माणसं नारळ घेऊन हजर. "आयला, गाडी लोण्यागत चालतीया! पेट्रोल बी कमी पितीया की!" गर्दी तोंडात बोटं घालायची.

या गर्दीत पहिल्या ओळीत बसायचे जयपाल मगदूम. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, मुलगी रुचिता लग्न होऊन बेळगावला, आणि बायको अक्काताई दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात माणूस एकच आणि खोल्या चार. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत भाकरीचे दोन तुकडे मोडले की पुढं करायला काही उरायचं नाही.

त्यांच्या फियाटचीही एक गोष्ट होती. गॅरेजवाल्यानं एकदा इंजिनातलं जुनं तेल गटारात ओतलं आणि त्यात तडफडून मरणारे किडे अक्काताईनं पाहिले. "आपल्या गाडीपायी एवढी जीवहत्या? नगं बाई," ती म्हणाली. जैनाच्या घरात असा शब्द कोण मोडणार? तेव्हापासून जुनं तेल काढणं बंद झालं. कमी पडलं की वरून ओतायचं. ती गेल्यावर तर तिचा तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली. इंजिन धापा टाकायला लागलं तरी जयपालअण्णा ऐकेनात.

अण्णा पहिल्यांदा वखारीवर गेले तेव्हा महाराजांनी गाडीवर हात ठेवून डोळे मिटले होते. "बाईसाब हितंच हायत, अण्णा. पापाच्या चिखलात अडकल्यात. मी मोकळ्या करतो. पाप होमात जाळतो, मुंगीसुदिक मरणार न्हाय. पर ध्यानात ठेवा, दुसरं तेल घातलंसा तर त्या कायमच्या जातील!"

आणि खरंच, गाडी पडद्याबाहेर आली ती इतकी शांत की जयपालअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून ते रोज रंकाळ्यावर जायचे, इंजिन चालू ठेवून शेजारच्या सीटशी बोलायचे. दूध उतू गेलं, रुचिताचा फोन नाही, गुडघा दुखतोय. इंजिन हलकं गुणगुणायचं आणि त्यांना ती हुंकार देतेय असं वाटायचं. माणूस एकटा पडला की त्याला हुंकारही पुरतो.

अण्णांच्या वरच्या मजल्यावर निशा कांबळे राहायची. डिप्लोमाच्या कॉलेजात ती इंजिनं शिकवायची. तिनं एकदा त्यांना जिन्यात अडवलंच.

"अण्णा, तुमच्या तेलात वर्षानुवर्षांची काजळी आणि झिजलेल्या लोखंडाचा कीस साठला होता. चिखल झालेला. इंजिन त्या चिखलातनंच फिरत होतं. कुणीही नवं तेल घातलं असतं तरी सुधारलं असतं. पेट्रोल वाचतंय ते थोडंसं तेलानं, आणि जास्त करून चाकातल्या हवेनं आणि सावकाश चालवण्यानं. दुकानातलं साधं तेल घालून एकदा बघूया की."

"नगं," ते म्हणाले. "ती जाईल."

निशानं वाट सोडली. वडील गेल्यावर तिची आई कितीतरी दिवस दोन ताटं वाढायची, ते तिला आठवलं असावं.

पण एका रविवारी जयपालअण्णा गर्दीच्या आधीच पोहोचले. वखारीच्या मागं गेले, तर एक चेला काळ्या तेलाचा डबा गटारात रिकामा करत होता. पाण्यावर तेलाचा थर पसरला होता आणि त्यात बेडकं उलटी पडली होती. होम नव्हता, काही नव्हतं. पडद्याआड कोपऱ्यात बाजारातल्या तेलाचे रिकामे कॅन आणि कापराच्या वड्यांचं पाकीट पडलं होतं. आपली सगळी कहाणी पहिल्याच दिवशी चहा पाजत याच चेल्यानं विचारून घेतली होती, तेही त्यांना आठवलं. 

ते थेट घरी आले आणि निशाचं दार वाजवलं. "चल. घालूया."

ओळखीच्या गॅरेजात जुनं तेल पिंपात साठवून परत शुद्ध करणाऱ्याला देत, हे निशानं आधीच पाहून ठेवलं होतं. दुकानातलं साधं तेल ओतलं. ना कापूर, ना मंत्र. अण्णांनी किल्ली फिरवली.

इंजिन तसंच गुणगुणलं. अगदी तसंच.

अण्णांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. महाराज खोटे ठरले याचा आनंद वगैरे काही नव्हता. अक्काताई दोन वर्षांपूर्वी एकदा गेली होती, ती त्या दुपारी पुन्हा गेली.

पुढच्या रविवारी ते गर्दीपुढं उभे राहिले आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. गटार, कॅन, कापूर, हवा, चाळीसचा वेग.

"ह्येच्या बायकूचा आत्मा भरकटलाय!" महाराज ओरडले. "म्हातारा बरळतोय!"

"माझी बायको गाडीत न्हवतीच," अण्णा म्हणाले. "ती मेली. गाडीत नवं तेल हुतं."

दोघातिघांनी ताडपत्री ओढून पाडली, बाकीचे मागचं गटार बघायला धावले. महाराजांनी शाल सावरत काढता पाय घेतला. गर्दी पांगली तरी शालूबाई तिथंच उभी होती. नवरा वारल्यावर त्याची जीप भाड्यानं देऊन पोट भरणारी बाई. पदर तोंडाला लावून तिनं हळूच विचारलं, "अण्णा, मग आमचं मालक? मला बी ऐकू येत्यात की वो त्या जीपत."

अण्णांना खोटं बोलणं फार सोपं होतं.

"न्हाय, शालूबाई. त्यो इंजिनाचा आवाज हाय," ते म्हणाले. "आपलं माणूस गेलं की रडावं. आठवण काढावी. पर ते कुटं हाय म्हणून कुणा बुवाला इचारू नये. त्याला ठावं नसतंय. आपल्याला रडताना बघून त्यो सांगत असतोय."

शालूबाई तिथंच जमिनीवर बसली आणि हमसून रडायला लागली. जयपालअण्णा, दुखरा गुडघा धरत, तिच्या शेजारी बसले.