भोरचे दोन शेतकरी

"भोरमधले दोन काढ," पद्माकर म्हणाला. "शेतावरचे. शास्त्रज्ञ कर."

एवढं बोलायला त्याला जवळजवळ मिनिट लागलं. सुनेत्राने चष्मा वर सरकवला, माउस धरला आणि ती पडद्यावर भोर शोधू लागली. कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या शहरांना पद्माकरने गावाकडची नावं दिली होती; या नकाशात भोर वाळवंटाच्या कडेला होतं, फलटणला समुद्र होता आणि कराडच्या चहूबाजूंनी बर्फ पडलेला होता. भूगोलाची ही अशी वाट लावलेली तिला आधी फार खटकायची. आता तिला कराड बर्फातच बरं वाटायला लागलं होतं.

तिने भोर उघडलं. शहराभोवतीच्या हिरव्या चौकोनांवर माणसांची इवलीइवली डोकी बसलेली होती. दोन डोक्यांवर तिने टिचकी मारली. ती शेतावरून उठली आणि खालच्या ओळीत पांढरे कोट घालून उभी राहिली. शेजारचा धान्याचा आकडा लाल झाला.

"उपाशी मरतील की हो," ती म्हणाली.

"थोडे मरतील. शोध लवकर लागेल."

"आणि मेलेले कुठे जातात?"

"कुठेच नाही. आकडा आहे तो."

सुनेत्राने सहा वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंगच्या एका प्राथमिक शाळेत डिनर लेडी म्हणून काम केलं होतं. दुपारी एकशे ऐंशी पोरांच्या ताटात बटाटे आणि वाटाणे वाढायचे, आणि कोण न जेवता ताट सरकवतंय यावर डोळा ठेवायचा. तिला आकडे उपाशी राहिलेलेसुद्धा बघवत नव्हते. पण हात तिचा असला तरी खेळ नवऱ्याचा होता, म्हणून तिने गुपचूप पुढची खेळी दाबली.

पद्माकर अठ्ठ्याण्णव साली पुण्याहून इथे आला तो टेस्टर म्हणून. मोटरवेच्या कडेला ज्या काचेच्या कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं हे त्याचं काम. तो त्यात पटाईत होता आणि म्हणून कुणाचा फारसा लाडका नव्हता. आठ वर्षांत ना बढती, ना भांडण. गेल्या वर्षी उजव्या हातातून चहाचा कप निसटायला लागला. मग तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून मोटर न्यूरॉन हे दोन शब्द सांगितले. वर्षाच्या आत हात गेले, पाय गेले. आता गळा आणि श्वास यांची पाळी होती. डोकं मात्र शाबूत होतं, आणि खरं तर तेच वाईट होतं.

खेळ मुलीचा, शाल्मलीचा. ती ब्रिस्टलला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर तो तसाच राहिला होता. नदीकाठी एक गाव वसवायचं, तिथून सुरुवात करून चाक, लेखन, छपाई, वीज असं करत करत राज्य वाढवायचं, आणि सगळ्यात शेवटी दूरच्या एका ताऱ्याकडे यान सोडायचं. यान सुटलं की जिंकलात. पद्माकरला लढायांत रस नव्हता. त्याला शोध लवकर लावायचे होते, आणि त्यासाठीच्या सगळ्या खुब्या आता त्याला पाठ होत्या. आधी ग्रंथालयं, मग विद्यापीठं, बाकी बांधकामं नंतर. आपल्याकडचा जुना शोध शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडचा नवा घ्यायचा. आणि अगदी शेवटी, जेव्हा दुसरं काही उरत नाही, तेव्हा शेतावरची माणसं उठवून प्रयोगशाळेत बसवायची.

या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो थांबायचा. तुम्ही खेळी दाबत नाही तोवर सगळं राज्य, शत्रूंसकट, जिथल्या तिथे उभं राहायचं. बाहेर तसं कुणीही थांबत नव्हतं. फोनवर त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा माणूस ठेवून द्यायचा. भेटायला आलेले लोक त्याची वाक्यं स्वतःच संपवायचे, आणि तीही चुकीची. म्हणून रोज दुपारी, सकाळची बाई त्याला आंघोळ घालून गेली की सुनेत्रा चाकाची खुर्ची कॉम्प्युटरसमोर आणून लावायची. दिवसाला तीन-चार खेळ्या व्हायच्या. साठेक खेळ्या उरल्या होत्या, म्हणजे दसऱ्याच्या आसपास यान सुटलं असतं.

सप्टेंबरच्या मध्यावर हेलन आली. ही त्याच्या आजाराची खास नर्स, महिन्यातून एकदा यायची आणि अत्यंत अवघड गोष्टी हवापाण्यासारख्या बोलायची. पद्माकरला आता गिळताना ठसका लागतो, वजन उतरतंय, तेव्हा पोटातून एक नळी बसवून घ्यावी, तिच्यातून अन्न देता येईल, असं ती म्हणाली. ऑपरेशन लहानसं, पण धोका अगदीच नाही असं नाही. घाई नाही, तरी फार लांबवूही नका.

पद्माकरने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "हा गेम संपू दे. मग सांगतो."

हेलनला ते कळलं नाही. सुनेत्राने इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती हसली आणि बरं म्हणाली. सुनेत्रा हसली नाही. तिला उत्तर आत्ताच ठाऊक होतं.

तिचे सासरे, अण्णा, वाईला वारले ते अन्न नाकारून. दुखणं हाताबाहेर गेल्यावर त्यांनी एक दिवस ताट परत पाठवलं आणि त्यानंतर पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. अकराव्या दिवशी गेले. रीडिंगच्या मराठी मंडळात असा एकही गणपती झाला नसेल, की पद्माकरने जेवणाच्या रांगेत कुणाला तरी ही गोष्ट सांगितली नाही. सांगताना त्याचा आवाज भरून यायचा आणि मानही ताठ व्हायची. असल्या बापाचा हा मुलगा. यान सुटणार, आणि त्या दिवशी हा नाही म्हणणार. सुनेत्राला यात तिळभरही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ झाल्यावर पद्माकरला खुर्चीतच डुलकी लागली. सुनेत्राने माउस धरला, भोर उघडलं आणि पांढऱ्या कोटातली दोन डोकी उचलून परत शेतावर ठेवली. धान्याचा आकडा काळा झाला. शोधाला नऊ खेळ्या लागतील असं वर लिहिलं होतं, तिथे आता अकरा दिसू लागलं.

त्यानंतर तिला ती चटकच लागली. तो दुपारी झोपला की ती कधी भोरचे दोन, कधी फलटणचे तीन शेतावर पाठवायची. एकदम जास्त नाहीत, त्याच्या लक्षात येईल. त्याने शास्त्रज्ञ करायला सांगितले की ती मुकाट्याने करायची, आणि तासाभराने मोडायची. आयुष्यात तिने नवऱ्याला न सांगता एक साडीसुद्धा घेतली नव्हती. आता ती रोज त्याचा एक एक शोध लांबवत होती, आणि तिला मनातून बरं वाटत होतं. दसरा झाला, दिवाळी झाली, यान काही सुटलं नाही.

ऑक्टोबरात हेलनचे दोन फोन आले. दुसऱ्या खेपेला ती जरा स्पष्ट बोलली. श्वासाचा जोर निम्म्याच्या वर असेल तोवरच हे ऑपरेशन करता येतं, पद्माकरचा उतरत चालला आहे, तेव्हा ठरवलं तर लवकर कळवा. सुनेत्रा म्हणाली, त्यांना अजून थोडा वेळ हवाय.

"कोण होतं?" पद्माकरने विचारलं.

"हेलन. सहज चौकशी केली."

तिने त्याला सांगितलं नाही, कारण आजच्या आज सांग म्हटलं तर तो आजच्या आज नाही म्हणेल. शाल्मली रविवारी फोन करायची, तिने मात्र आपल्या मोडक्या मराठीत सरळ विषय काढला.

"आई, तू बाबाला विचारली का? नळीचा?"

"त्यांना विचारायचं नसतं बाळा. एकदा नाही म्हणाले की संपलं."

"पण आई, ते तर बाबाचा डिसिजन आहे ना?"

सुनेत्राने तिला जेवलीस का म्हणून विचारलं. मुलीने मग थोडा वेळ वसतिगृहातल्या मैत्रिणींचं काहीबाही सांगितलं आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलची तारीख होती. तिथल्या एका मुलीने पद्माकरच्या तोंडात नळकांडं धरलं आणि फुंकायला सांगितलं. त्याने फुंकलं. तिने पुन्हा फुंकायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा. आकडा एक्केचाळीसच्या वर जाईना.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी कुणाला दोष दिला नाही. या दुखण्याची चाल अशीच असते म्हणाले, महिनोन्महिने संथ आणि मग एकाएकी वेगात. आता नळी बसवायला घेतली तर टेबलावरच श्वास बंद पडायची भीती आहे. दुसऱ्या पद्धतीनेही करू नये असंच आमच्या सगळ्यांचं मत पडलं. त्रास कमी कसा होईल ते आपण बघू.

पद्माकरला काहीतरी विचारायचं होतं. डॉक्टर थांबले. "केव्हापर्यंत," तो इंग्रजीत म्हणाला, "जमलं असतं?"

डॉक्टरांनी फाइल उलटली. सप्टेंबरात अठ्ठावन्न टक्के होते, म्हणाले. ऑक्टोबरअखेरपर्यंत बहुधा जमलं असतं. आमच्या नर्सने दोनदा फोन केल्याची नोंद आहे इथे.

पद्माकरने मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्याची मान वळायलाही वेळ लागायचा, त्यामुळे त्याची नजर तिच्यापर्यंत येतेय हे तिला पूर्ण वेळ दिसत होतं.

घरी आल्यावर सुनेत्राने त्याचा कोट काढला, पाय सरळ केले, ठसका लागू नये म्हणून पाणी पावडरीने घट्ट करून चमच्याने पाजलं. ते गिळायला त्याला बराच वेळ लागला. मग तो म्हणाला, "कॉम्प्युटर लाव."

"आज राहू दे ना."

"लाव."

तिने लावला. नकाशा आला.

"भोरचे दोन," पद्माकर म्हणाला, "तू परत शेतावर पाठवतेस. फलटणचे तीन."

सुनेत्रा खाली बसली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. नवाचे अकरा झाले."

तिच्या मनात आलं, सगळं आयुष्य या माणसाने चुका शोधण्यात घालवलं आणि आपण त्याच्यासमोर लपवाछपवी करत होतो. "मग बोलला का नाहीत?"

त्याने श्वास घेतला. तिने त्याचं वाक्य संपवलं नाही, इतक्या वर्षांत तेवढं शहाणपण तिच्यात आलं होतं.

"वाटलं, तुला दया येते त्यांची," तो म्हणाला. "म्हटलं, असू दे. चार दिवस जास्त लागतील. माझी कुठे गाडी चुकतेय."

आता सांगण्याची पाळी तिची होती. तिने हेलनच्या दोन्ही फोनांचं सांगितलं. निम्म्याच्या वरच्या आकड्याचं सांगितलं. मग म्हणाली, "मला वाटलं, खेळ संपला की तुम्ही नाही म्हणणार. अण्णांसारखं. म्हणून मी तो संपू देत नव्हते."

बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं. पद्माकरने पडद्यावरची नजर तिच्याकडे आणली.

"अण्णा शहाऐंशी वर्षांचे होते," तो म्हणाला. मग पुन्हा श्वास घेऊन, "मी चोपन्नचा आहे."

"म्हणजे?"

"हो म्हणणार होतो. ऑपरेशनात काही झालं असतं, तर हा डाव अर्धा राहिला असता. म्हणून आधी हा."

सुनेत्राला रडू येईल असं वाटलं, पण ते आलंच नाही. हा माणूस जगायचं म्हणत होता. घरात बसून, तिच्याच हाताने, रोज दुपारी तो त्यासाठी घाई करत होता, आणि तिने त्याला जगवायच्या नादात ते दार लावून टाकलं होतं. तिला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती. मारणारे हात मात्र खुर्चीच्या दोन बाजूंना, तिनेच ठेवलेल्या उशांवर, पडलेले होते.

"मला शिव्या तरी द्या," ती म्हणाली.

"दम नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता की काय, ते त्याच्या चेहऱ्यावरून आता सांगता येत नसे. "किती दाखवतंय?"

तिने पदराने डोळे पुसले, कोरडेच होते, आणि वर, यानाच्या शेवटच्या शोधाच्या आकड्याकडे, पाहिलं. "अठरा."

"सगळे काढ. भोर, फलटण, कराड. सगळीकडचे."

"किती होतील मग?"

"अकरा. होतील अकरा." त्याला अकरा खेळ्या म्हणायचं होतं. अकरा खेळ्यांचे तीन-चार दिवस, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ती एकेक शहर उघडत गेली. डोक्यावर टिचकी मारायची, ते शेतावरून उठायचं, पांढरा कोट घालून खाली उभं राहायचं. भोर झालं, फलटण झालं. कराडच्या बर्फात मुळात चारच माणसं राबत होती, तीही तिने उठवली. वाईला तिचा हात जरा थांबला, पण पद्माकर बघत होता, म्हणून तिने तेही केलं. सगळ्या नकाशावर एकही माणूस शेतात उरला नाही. वरचा आकडा बरोबर अकरावर आला. त्याचा हिशोब कधी चुकत नसे.

"दाबू?" तिने विचारलं. आजवर तिने हे कधी विचारलं नव्हतं.

पद्माकरने तोंड उघडलं. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. ती त्याच्याकडे बघत थांबली. नकाशावरची सगळी राज्यंही थांबली.

"हो," तो म्हणाला. एवढा एक शब्द त्याला अजून स्वच्छ म्हणता येत होता.

तिने दाबलं.