घडी न घालता कापलेला शर्ट

कंडक्टरबाईंना त्यांची थोरली बहीण जवळजवळ ओढतच माझ्या दुकानात घेऊन आली. ऑपरेशनमध्ये बाईंचा डावा स्तन काढला होता. त्यानंतर आठ महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि त्या नोकरीच सोडायला निघाल्या होत्या.

"मास्तर, हिला गणवेश शिवा. माणसात आणा हिला."

"मी काय जनावर आहे?" बाई म्हणाल्या, पण मान खालीच.

आम्ही शिंपी कापड दुहेरी घडी घालून कापतो. एक बाजू कापली की दुसरी तशीच निघते. मी तसाच शर्ट कापला आणि डावीकडे आतून कापसाची गादी शिवली. माझ्या बायकोचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तिच्या प्रत्येक ब्लाउजला मी न विचारता गादी शिवायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

शनिवारी बाईंनी शर्ट घातला आणि घंटेची दोरी ओढतात तसा हात वर केला. गादी सरकून थेट खांद्याशी आली.

"ही कुठे निघाली? हिचं तिकीट कोण फाडणार?" बाईंनी विचारलं.

बहीण खुदकन हसली. बाई नाही हसल्या. "मास्तर, गादी घाला म्हणून मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

बायको एकदा म्हणाली होती, "टोचते हो. पण तुम्हाला बरं वाटतं ना, मग राहू दे." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. ते एकट्या बाईंसाठी नव्हतं.

पुन्हा मापं घेतली. टेप बहिणीने धरली, आकडे मी लिहिले. उजवीकडचे वेगळे, डावीकडचे वेगळे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कापड सपाट पसरून शर्ट कापला.

रविवारी बाई तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. कुठे चुणी नाही. हात वर, खाली, पुन्हा वर.

"ताई, कशी दिसते गं?"

"एका बाजूने सपाट."

"आणि दुसऱ्या बाजूने?"

"भांडखोर. पहिल्यासारखी."

आता मात्र बाई पोट धरून हसल्या.

सोमवारी सकाळी बस दुकानासमोर थांबली. बाई दारात ताठ उभ्या होत्या आणि वाट अडवून उभ्या असलेल्या एका गृहस्थावर ओरडत होत्या, "पुढे सरका! बस काय सासऱ्यांनी आंदण दिलीय?"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाईंनी त्यांना खुशाल बघू दिलं.