गार्डन वॉटर नव्हे

मॉरीनच्या आजीच्या नावापुढे मिस्टर हॅनलींनी ‘मूळ गाव अज्ञात’ असं लिहिलं आणि कागद तिच्याकडे सहीला पाठवून दिला. मॉरीन सही करणारही होती. वय सत्त्याऐंशी, भांडायची हौस फिटलेली. पण त्या सकाळी शेजारची नीलांबरी चहाला आली होती, आणि कागद वाचल्याशिवाय कुणाला सही करू देणं हे तिच्या स्वभावातच नव्हतं.

नीलांबरी मूळची विदर्भातली. नवरा गेल्यावर मुलाजवळ राहता यावं म्हणून ती जर्सी सिटीतल्या या उंच बिल्डिंगमध्ये आली. त्याआधी एकतीस वर्षं तिनं अमेरिकेतच एका वकिलाच्या ऑफिसात जमिनीचे जुने दस्त तपासले होते. कोणाची जमीन, कोणाकडून आली, मधल्या कागदात कुठे खोट आहे, हे शोधणं हेच तिचं काम.

“अज्ञात म्हणजे? तुला गाव माहीत नाही?” तिनं विचारलं.

“मला माहीत आहे गं. त्यांना नाही,” मॉरीन म्हणाली.

प्रकरण असं होतं. मॉरीनच्या चर्चला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. ते उभारणाऱ्या आयरिश कुटुंबांची नावं, आयर्लंडमधल्या गावांसकट, एका पितळी पाटीवर कोरायची होती. मॉरीनची आजी डीलिया त्यांतलीच, लोकांच्या घरी कपडे धुऊन चर्चला वर्गणी दिलेली. तिचं लग्न याच चर्चच्या नोंदवहीत नोंदलेलं होतं आणि गावाच्या रकान्यात पाद्र्यानं लिहिलं होतं, ‘गार्डन वॉटर, गॉलवे’. पाटीसाठी नेमलेल्या कमिटीचं काम हॅनली पाहत. त्यांनी आयर्लंडमधल्या गावांची सरकारी यादी चाळली. गॉलवे जिल्ह्यात गार्डन वॉटर नावाचं काही नव्हतं. कमिटीत हशा पिकला म्हणे. कुणी म्हणालं, म्हातारी बागेला पाणी घालत असेल.

हशाचं ऐकून नीलांबरीनं कप खाली ठेवला.

“आजी स्वतः काय म्हणायची? पाद्र्यानं लिहिलेलं नको. ती म्हणायची तसं म्हण.”

मॉरीनला आजी आठवत होती. ती गेली तेव्हा मॉरीन अकरा वर्षांची होती. तिनं डोळे मिटले. “घरात आम्ही पोरं फार दंगा करायला लागलो की ती ओरडायची, ‘गुर्चीन-अ-वॉड्रात तीन घरं होती, आणि माणसाला स्वतःचा विचार ऐकू यायचा!’”

“परत म्हण.”

“गुर्चीन-अ-वॉड्रा.”

नीलांबरीनं ते पुटपुटून पाहिलं. गुर्चीन-अ-वॉड्रा. गार्डन वॉटर. तिच्या अंगावर काटाच आला. पाद्र्याला आयरिश भाषा येत नसणार. कानाला जे इंग्रजीसारखं वाटलं, ते त्यानं लिहून टाकलं.

“मॉरीन, सही करू नकोस,” ती म्हणाली.

संध्याकाळी मुलगा देवांग ऑफिसातून आला तेव्हा डायनिंग टेबलभर कागद पसरले होते. “आई, हे काय नवीन? आयरिश लोकांच्या मॅटरमध्ये तू कशाला पडतेस? ते हर्ट होतील यार.”

“होऊ देत,” नीलांबरी म्हणाली. “मी कुठे जन्मले रे?”

“नागपूर.”

“नाही. कोहळहेटीत. नागपूरपासून बारा कोस. चौदा घरांची हेटी, तलाठ्याच्या दप्तरात शेजारच्या मोठ्या गावाच्या पोटात घातलेली. सिटिझनशिपच्या वेळी ऑफिसर म्हणाला, हे लिस्टमध्ये नाही, जवळचं शहर सांगा. मी मुकाट्यानं नागपूर सांगितलं. तुझ्या बाबांनी मानेनंच खुणावलं होतं, जाऊ दे म्हणून. तुझ्या बर्थ सर्टिफिकेटवर आई नागपूरची आहे ती तशी.”

देवांगनं कागद जरा सरकवले आणि ताट ठेवायला जागा केली.

यादीत गाव सापडत नसेल तर शेजारी, नातलग शोधायचे, हे तिला दस्तांनी शिकवलं होतं. डीलियाच्या लग्नाला साक्षीदार होती तिची चुलत बहीण ऑनर. नीलांबरी रोज लायब्ररीत जाऊन शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं मशीनवर पाहत बसली. नवव्या दिवशी ऑनरच्या मृत्यूची चार ओळींची बातमी सापडली, ‘मूळची किलनाहूरची’. किलनाहूर सरकारी यादीत होतं. तिनं तिथल्या चर्चला फोन लावला. ऑफिसातल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हाला कोलम हवा. चाळीस वर्षं इथं पोस्टमन होता. कागदावर नसलेले पत्ते त्यालाच माहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघी मॉरीनच्या फोनभोवती बसल्या. पलीकडे तिसरा प्रहर होता. कोलम ऐंशीचा, आवाज खणखणीत. नीलांबरीनं मॉरीनला खुणावलं. मॉरीननं घसा साफ करून ते नाव उच्चारलं.

कोलमनं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” कोलमनं विचारलं. “अगदी आमच्या डोंगराकडच्या लोकांसारखं म्हणालात.”

“माझ्या आजीनं.”

“गुर्चीन म्हणजे लहानसं शेत. वॉड्रा म्हणजे कुत्रा. किलनाहूरच्या वरच्या अंगाला आहे. नकाशात नाही, कधीच नव्हतं. तीन घरं होती. आता भिंतीच उरल्यात, मेंढ्या बसतात आत.”

तीन घरं. मॉरीननं नीलांबरीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

“कुत्र्याचं वावर,” नीलांबरी स्वतःशीच मराठीत म्हणाली. तिच्या हेटीलाही असलं एक वावर होतं, माकडाचं.

कमिटीची मीटिंग चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होती. मिस्टर हॅनली माणूस वाईट नव्हता, फक्त यादीच्या बाहेर त्याला श्वास घेता येत नसे. त्यानं नीलांबरीनं टाइप केलेली तीन पानं शांतपणे वाचली.

“मेहनत दिसते,” तो म्हणाला. “पण फोनवरचं बोलणं हा पुरावा होत नाही. पितळेवर कोरायचं तर लेखी आधार लागतो. फार तर किलनाहूर लिहू.”

“ती किलनाहूरची नव्हती,” मॉरीन म्हणाली.

“आणि माफ करा,” हॅनली नीलांबरीकडे वळला, “तुमचा या विषयाशी संबंध काय?”

नीलांबरी उभी राहिली. साडीचा पदर तिनं खांद्यावर नीट घेतला. “मी एकतीस वर्षं तुमच्या या देशातले कागद तपासले, मिस्टर हॅनली. कागद खोटं बोलतो ते मी रोज पाहिलंय. तुमची यादी कुणी केली? आयरिश न येणाऱ्या कारकुनांनी. नोंदवहीत कुणी लिहिलं? आयरिश न येणाऱ्या पाद्र्यानं. ज्या बाईला गाव माहीत होतं तिला कुणी विचारलंच नाही, आणि आज तिची नात सांगतेय तर तुम्ही तिच्याकडे कागद मागता. गाव अज्ञात नाही. अज्ञान तुमचं आहे.”

हॉलमध्ये खुर्ची करकरली. मग मतं घेतली. पाच जण हॅनलींच्या बाजूनं, चौघं मॉरीनच्या. हरल्या.

मॉरीन काठीवर रेलून उठली. “मग माझ्या आजीचं नाव काढा,” ती म्हणाली. “अज्ञात म्हणून लागण्यापेक्षा न लागलेली बरी.”

“मॉरीन, विचार कर. ही पाटी शंभर वर्षं टिकेल.”

“टिकू दे. चुकीची.”

बाहेर पडताना मागच्या रांगेतली एक बाई लगबगीनं नीलांबरीच्या मागे आली. तिच्या पणजोबांच्या गावाच्या जागी कमिटीनं शेजारचं गाव घातलं होतं आणि तिनं निमूट मान्य केलं होतं. “ते काय म्हणायचे ते आमच्या मावशीला आठवतंय,” ती म्हणाली. “फोन करू तुम्हाला?”

“उद्याच करा,” नीलांबरी म्हणाली. “मावशी जवळ असतानाच करा.”

डीलियाच्या थडग्यावर फक्त नाव आणि ‘आयर्लंडची’ एवढंच होतं. तो दगड मॉरीनच्या कुटुंबाचा, तिथं कमिटीची मतं लागत नव्हती. कोलमनं पत्रातून आयरिश स्पेलिंग पाठवलं, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक अक्षर सुटं.

पाटीचं अनावरण झालं त्या रविवारी दोघी दफनभूमीत होत्या. देवांगनं त्यांना ड्राइव्ह करून आणलं होतं आणि मॉरीनसाठी घडीची खुर्ची उघडून दिली होती. दगडावर गावाचं नाव नुकतंच कोरलेलं, अक्षरांच्या खाचांत पांढरी भुकटी होती. नीलांबरीनं ती रुमालानं पुसली. शेजारच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेला एक माणूस वाकून वाचायला लागला. दोनदा अडखळला.

“हे कुठं आलं?” त्यानं विचारलं.

मॉरीन खुर्चीत ताठ बसली आणि सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते नाव त्याला म्हणून दाखवलं, आणि तो नीट म्हणेपर्यंत त्याला सोडलं नाही.