मर्डोचे अठरा अंश

भाड्याच्या घराची बैठकीची खोली अठरा अंशांपर्यंत तापली पाहिजे, आणि तेवढ्या ताकदीचा हीटर घरमालकानंच बसवून दिला पाहिजे, असा आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये कायदा आहे. माझा थोरला भाऊ मर्डो याला हा कायदा म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. डनेडिनच्या चढावरचं त्याचं जुनं लाकडी घर तो भाड्यानं देतो आणि त्यातल्या कटकटी मी निस्तरते. त्या खोलीचं छत बारा फूट उंच, आणि भिंतीवरचा हीटर टोस्टरच्या कुळातला. सरकारी गणित म्हणतं याच्या तिप्पट ताकद हवी, म्हणजे हीट पंपच हवा, गरम हवा सोडणारा एसीसारखा. मर्डो म्हणतो, गणित करणारा त्या घरात राहिलाय का कधी?

राहते सेफिना, मूळची सामोआ बेटांवरची, चार वर्षांच्या लेकीला, मालियाला घेऊन. थंडी पडल्यापासून मालियाची छाती वाजतेय. शहराबाहेर मॉसगिलला एक उबदार घर मिळतंय, सोमवारी होकार कळवायचाय, असं सेफिनानं मला हळूच सांगितलं होतं. इथून तिचं काम चालत दहा मिनिटांवर आणि बालवाडी समोरच, त्यामुळे घर सोडणं तिच्या जिवावर आलं होतं. पण पोरीचा खोकला ऐकवत नव्हता.

हे मी मर्डोच्या कानावर घातलं. तो म्हणाला, रविवारी मी स्वतः थर्मामीटर घेऊन बसतो, अठरा झाले नाहीत तर पंप बसवीन. मर्डो शब्दाचा पक्का आहे. मी निश्चिंत झाले, कारण त्या खोलीत अठरा अंश फक्त जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात होतात.

चूक माझी झाली. मर्डो येतोय एवढंच मी सेफिनाला कळवलं. त्याला एकट्याला बसू दे, हे सांगायचं राहिलं. आता सामोअन घरात वडीलधारा माणूस येणार, आणि त्याला रिकाम्या खोलीत नुसतं बसवणार कोण?

आम्ही दोनला पोहोचलो तेव्हा चर्चमधून थेट आलेली चौदा माणसं आत होती. दोन मावश्या तर अशा, की एकेकीची ऊब त्या हीटरला भारी पडावी. शेजारी स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, ओव्हन चालू, सपासुईचं, म्हणजे मटणाच्या रश्श्यातल्या शेवयांचं, पातेलं वाफा सोडतंय. तीन वाजता थर्मामीटरनं एकोणीस दाखवले. मर्डोनं तो आकडा प्रत्येक मावशीला उठून दाखवला.

मी सेफिनाला कोपऱ्यात गाठलं आणि म्हटलं, बाई गं, पाहुण्यांना घरी पाठव, तुझंच नुकसान होतंय.

"जेवल्याशिवाय?" ती म्हणाली. "लॉर्ना, काहीतरीच काय बोलतेस."

साडेचारला सगळे संध्याकाळच्या प्रार्थनेला निघाले. निरोप घेण्यात दार वीस मिनिटं उघडं राहिलं. मर्डो कोको घातलेल्या भाताची तिसरी वाटी संपवायला थांबला होता. पाच वाजता पारा बारावर आला. मर्डोच्या मते तीनचा आकडाच खरा, नंतरचं मोजायचं नसतं. हे सांगताना त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

पाहुणा कुडकुडतोय हे पाहून सेफिना शरमली. आतून पिवळ्या बदकांची रजई आणून तिनं ती त्याच्या हनुवटीपर्यंत लपेटली. तो बरा दिसायला लागला.

तेवढ्यात मालिया खोकत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही रजई उलटी घेतलीत. मोठं बदक तोंडाशी येतं."

"ही तुझी?"

"हो."

"मग झोपताना तू काय घेणार?"

"आईचा कोट," ती म्हणाली. त्यात तिला विशेष काही वाटत नव्हतं.

मर्डोनं थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. तो उठला, त्यानं रजईची टोकाला टोक जुळवून घडी केली आणि पोरीच्या हातात दिली.

"लॉर्ना, तो पंप बसवणारा मंगळवारी मोकळा असतो का गं?"

"असतो," मी म्हटलं. मंगळवारची वेळ मी शुक्रवारीच ठरवून ठेवली होती, पण ते आता सांगण्यात अर्थ नव्हता.

आत सेफिना खांद्याशी फोन धरून मॉसगिलच्या घरमालकिणीला घर नको म्हणून सांगत होती, आणि दोन्ही हातांनी मर्डोसाठी डबा भरत होती.